वाट बघून मोजायचं अंतर

"काय अंबाजी, लाल पडला का काल?"

जीपमधे चढता चढता अलका मॅडमनी रोजचाच प्रश्न विचारला. काल त्या आल्या नव्हत्या, त्यांचं लेक्चर होतं.

"नाही मॅडम," बाबा म्हणाले.

"हलला तरी?"

"जागचा नाही हलायला."

दस्तगीर चाचांनी गियर टाकला. संस्थेची ही जीप तेच चालवतात. "मॅडम, इत्ते दिनां से सुन रा हूं मैं. लाल पडता, लाल पडता. पडताइच नै. धक्का मारना क्या उसकू?"

"मारा की, चाचा. पण तो इतका लांब आहे की धक्का पोचेपर्यंत तुमची पेन्शन संपेल."

"पेन्शन किदर है मॅडम? आपन टेंपररी आदमी."

सगळे हसले. बाबा नाही. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. मी मागे डबा मांडीवर धरून बसले होते. मी सोबत नसले तर बाबा जेवत नाहीत, डबा तसाच परत आणतात, म्हणून आई गेल्यापासून मी त्यांच्याबरोबर जायला लागले. शाळा नव्हतीच मला. नववीत सरांनी फुटपट्टीनं मारलं, मी ती फुटपट्टी मोडून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि घरी आले. परत काही गेले नाही.

लाल म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्हीही चाचांसारखं विचाराल.

विकाराबादच्या वाटेवर एक टेकडी आहे. तिच्यावर आमच्या बाबांच्या संस्थेची दुर्बीण. बाबा तिथं मदतनीस. घुमट उघडायचा, दुर्बीण फिरवायची, कॅमेऱ्यापुढं रंगीत काचा बदलायच्या, सकाळी घुमट बंद करायचा. मॅडम पुण्याच्या, इथं नोकरीला आलेल्या. त्या एकाच दीर्घिकेचे फोटो काढतात. ती दीर्घिका भाद्रपदेच्या चौकोनाजवळ आहे आणि तिच्या पोटात काहीतरी काळं आहे. मोरीच्या भोकाभोवती पाणी गोल फिरत आत जातं ना, तसा त्या काळ्याभोवती वायू फिरतो. त्याची ताटासारखी चकती झालेली आहे. आत भोकाजवळ खूप तापलेली, म्हणून निळी. काठाला जरा थंड, म्हणून लाल. मॅडमना त्या चकतीची रुंदी मोजायची होती.

"दिसते का ती?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"छे. जगातल्या कुठल्याच दुर्बिणीतून नाही दिसत. नुसता ठिपका दिसतो."

"मग मोजणार कशानं? टेपनं?"

"वाट बघून," मॅडम म्हणाल्या.

म्हणजे असं. आत मधोमध काही झालं, प्रकाश कमी झाला की जास्त झाला, तर आधी निळा बदलतो. ती खबर काठापर्यंत चालत जायला वेळ लागतो, म्हणून लाल मागून बदलतो. किती मागून, ते कळलं की चकती किती रुंद ते कळलं.

मला ते लगेच समजलं. जुन्या शहरात कुठं गडबड झाली की आधी बेगम बाजारची शटरं पडतात. मग सुलतान बाजारची. आमच्या बरकतपुऱ्यातला किराणावाला सगळ्यात शेवटी शटर ओढतो. कुणी काही सांगायला यायला लागत नाही. कुठलं शटर कधी पडलं एवढं बघितलं तरी गडबड किती लांब आहे ते कळतं. मी हे मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, हे मी वर्गात सांगू का?"

"सांगा की. माझं काय जातंय?"

तर निळ्याचं शटर पडलं होतं. दसऱ्याला एकदम, चांगलं ठसठशीत. मॅडम नाचायच्याच बाकी होत्या. आता एक-दोन दिवसांत लाल पडणार होता. दिवाळी आली आणि गेली, लाल काही पडेना.

आणि तो पडणं जरुरीचं होतं. संस्थेच्या डायरेक्टरना टेकडी पेजरवाल्या कंपनीला द्यायची होती, टॉवर लावायला. शहरात सगळीकडं तेच चाललं होतं. जिकडं बघावं तिकडं कॉम्प्युटर क्लासचे बोर्ड. टेकडीखालच्या शेतांचे प्लॉट पाडलेले, रस्ता खणलेला, कुंपणावर मोठमोठे दिवे लावलेले. डायरेक्टर मॅडमना म्हणाले होते, डिसेंबरच्या मीटिंगपर्यंत काही दाखवण्यासारखं निघालं तर बघू. नाही निघालं तर दुर्बीण बंद. मॅडम पुण्याला जाऊ शकत होत्या. बाबा कुठं जाणार? त्यांना लिफ्टवर बसवणार, असं ऑफिसमधे बोलणं झालेलं होतं. आयुष्यभर आभाळाकडं बघितलेल्या माणसाला लिफ्टच्या डब्यात.

बाबांना विचारलं की म्हणायचे, "होईल ते होईल." आई गेली तेव्हाही हेच म्हणाले होते.

आई आषाढात गेली. ताप डोक्यात गेला म्हणाले. उदगीरहून सगळे आले, तेरावं झालं, सगळे गेले. चौदाव्या दिवशी बाबा जीपमधे बसले. रडले नाहीत. मीही नाही. आत्या शेजारच्या बाईंना सांगत होती, पोरीच्या डोळ्याला पाणी नाही, येईल, एकेकाला उशिरा येतं. मला तिचा इतका राग आला की मी तिच्या पुढ्यातला चहाचा कप उचलून मोरीत ओतला. राग मला येतो. बाकी काही येत नव्हतं. उठायचं, भात टाकायचा, डबा भरायचा, जीप आली की बसायचं.

वर्षाच्या आत सण नसतो, म्हणून घरात दसरा केला नाही. पण खंडेनवमीला बाबा म्हणाले, "घरात नको. पण हत्याराचा काय दोष?" आणि दुर्बिणीची पूजा करायला गेले. दरवर्षी आई जायची, या एका दिवशी तिला जीपमधे जागा असायची. त्या दिवशी मला ताप होता. बाबा एकटेच गेले.

त्यानंतर दुसऱ्याच दिवशी निळा पडला.

माझं डोकं तेव्हाच चालायला पाहिजे होतं. पण तेव्हा काहीच चालत नव्हतं.

मग नोव्हेंबर संपता संपता मॅडम एक दिवस दुपारीच आल्या. हातात सुलतान बाजारातली काजू कतली. दस्तगीर चाचांच्या तोंडात त्यांनी स्वतः घातली.

"पडला चाचा! लाल पडला!"

"मुबारक हो. किदर लगा?"

"थोडासाच पडलाय, पण पडलाय. अंबाजी, अहो, इतक्या उशिरा पडलाय! म्हणजे ही चकती किती मोठी आहे, कळतंय का? कुणी मोजली नसेल एवढी मोठी. डायरेक्टरना फोन केला मी. ते म्हणाले, टॉवरचं थांबवतो."

बाबांनी कतली दोन बोटांत धरली. "थांबवतो म्हणले?"

"हो. मीटिंगमधे तुम्ही पण यायचं. शर्टाला इस्त्री करा."

बाबांनी कतली खाल्ली. मी बघत होते. आई गेल्यापासून त्यांनी कुणी न सांगता तोंडात घातलेली ती पहिली वस्तू. वाटेत दस्तगीर चाचा गात होते. प्लॉटवाल्यांनी रस्ता त्याच दिवशी मोकळा केला होता, नाहीतर रोज आम्ही तिथं अडकायचो आणि अंधार पडता पडता पोचायचो. त्या दिवशी पोचलो तेव्हा ऊन होतं.

मॅडम खाली कॉम्प्युटरच्या खोलीत गेल्या. मी बाबांबरोबर वर घुमटात. बाबांनी घुमटाची फट उघडली, काचांची पेटी काढली, पांढरं फडकं अंथरलं आणि ब्रशनं धूळ झटकायला एकेक काच त्यावर उभी केली. फटीतून ऊन येत होतं. निळ्या काचेतून ते फडक्यावर पडलं होतं, निळा चौकोन. मधोमध एक डाग होता. हिरवट. गोल.

"बाबा, हे काय आहे?"

"काय?"

"हे. मधे हिरवं दिसतंय."

बाबा वाकले. काच हातात घेऊन तिरकी केली. वास घेतला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "पूजेचं असंल."

"कसली पूजा?"

"खंडेनवमीची. हळदीकुंकू लावलं की मी सगळ्यांना. नळीला, चक्रांना, काचांना. मग पुसून घेतलं उपरण्यानं. कुंकू गेलं. हळद ऱ्हायली असंल जराशी."

"काचांना?"

"तुझी आई लावायचीच ना."

"आई नळीला लावायची, बाबा! काचेला कोण लावतं? ती तर पेटीला बाहेरून एक बोट लावायची नि फूल वाहायची. लहानपणी मला आणायची ना ती, मी बघितलंय!"

बाबा उभेच राहिले. "मी बाहेर असायचो," ते म्हणाले. "दस्तगीरसंगं नारळ फोडायला. आतलं ती बघायची."

इतकी वर्षं आतलं ती बघायची आणि हे बाहेर नारळ फोडायचे. यंदा त्यांनी दोन्ही केलं. एकेका काचेला मधोमध, जसं माणसाच्या कपाळाला लावतात तसं, अनामिकेनं.

मी पेटीतली लाल काच काढली. तिच्यावरही डाग होता, पण उन्हात धरली तर फडक्यावर काहीच दिसेना, नुसता लाल चौकोन. हळद लालाला अडवतच नाही. निळ्याला अडवते. आभाळात काही झालंच नव्हतं. दीर्घिका फोटोच्या मधोमध यायची, हळदीच्या बरोबर खाली. जिच्याशी तिचा उजेड ताडून बघायचा ती चांदणी कडेला, तिच्यावर हळद नव्हती.

"पुसा," मी म्हणाले.

बाबांनी निळी काच पुन्हा उन्हात धरली.

"बाबा, पुसा ना! स्पिरिट आहे, कापूस आहे. कोण बघतंय? डायरेक्टर थांबवतो म्हणाला. मॅडम खूष आहेत. तुम्हाला काय लिफ्टमधे बसायचंय का? खालीपिली कशाला सांगायचं?"

"पुसली तर निळा वर जाईल."

"जाऊ दे की!"

"मॅडमना वाटंल, खरंच चढला. मग लाल चढायची वाट बघत बसतील पुन्हा." बाबांनी काच फडक्यावर ठेवली. त्यांचा आवाज होता तसाच होता, ना वर ना खाली. "जे येणारच नाही त्याची वाट बघायला लावावं का माणसाला, योगे?"

मी पेटीला लाथ मारली. लागली मलाच.

बाबा फडक्यात काच गुंडाळून जिना उतरले. मी मागून. कॉम्प्युटरच्या खोलीत मॅडम टेबलावर पाय ठेवून बसल्या होत्या, कतलीचा डबा शेजारी. बाबा दारात थांबले.

"मॅडम, माझ्याकडून चूक झाली."

"काय फोडलंत?"

"फोडलं नाही. खंडेनवमीला काचेवर हळद लावली मी. निळ्या काचेवर. बरोबर मधी."

मॅडमनी पाय खाली घेतले. बाबांकडं बघितलं, मग भिंतीवर चिकटवलेल्या त्यांच्या आलेखाकडं, जिथं दसऱ्यापाशी निळी रेष खड्ड्यात उतरली होती. मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर मीही ओरडले असते, तयारच होते मी.

"पुसली का तुम्ही?" एवढंच विचारलं त्यांनी.

"नाही."

"हातही लावला नाही मधे?"

"नाही मॅडम."

"लावू नका. आहे तशी बसवा. पळा, ऊन जायच्या आत." त्या उठल्या. "आणि तुमची एकट्याची चूक नाही. कोऱ्या आभाळाचा फोटो काढायला पाहिजे होता मी. दर आठवड्याला काढायचा असतो, काचेवरची घाण कळावी म्हणून. या रस्त्यापायी उशीर व्हायचा, उजेड जायचा, मी दसऱ्याआधीचाच वापरत राहिले. माझा आळस."

संधिप्रकाशात दुर्बीण रिकाम्या आभाळाकडं केली. तारे नाहीत, ढग नाहीत. निळ्या काचेतून फोटो काढला. खाली पडद्यावर तो हळूहळू वरून उतरत आला. सगळीकडं सारखा राखाडी आणि मधोमध एक गोल काळसर ठसा, काठाला पुसट होत गेलेला.

"हीच आपली चकती," मॅडम म्हणाल्या. हसल्या नाहीत.

बाबा पुढं झाले. पडद्याच्या जवळ जाऊन त्या ठशाकडं बघत राहिले. मग उजव्या हाताची अनामिका उचलली आणि तशीच हवेत धरली, लावली नाही.

"ती हलक्या हातानं लावायची," ते म्हणाले. "माझं बोट जाड आहे."

मॅडमना ती कोण ते समजलं. त्यांनी खुर्ची पुढं सरकवली. बाबा बसले नाहीत.

मॅडमनी मग मला सगळं सांगितलं. काच पुसली असती तर सगळे फोटो वाया गेले असते, किती हळद होती ते कधीच कळलं नसतं. आता ठसा हातात होता. तो दसऱ्यापासूनच्या प्रत्येक फोटोतून वजा करता येत होता. त्यांनी ते सुरू केलं. कॉम्प्युटर हळू होता. एकेक ठिपका खड्ड्यातून वर येऊन बसायला लागला. मी शेजारी उभी राहून बघत होते, आणि मनात म्हणत होते, काहीतरी उरू दे. छोटासा खड्डा. दीर्घिकेनं स्वतःहून काहीतरी केलेलं असू दे.

सगळे ठिपके वर आले. निळी रेष सरळ. खाली लाल रेष सरळ. मॅडम लाल पडला म्हणत होत्या ते नुसतं थरथरणं होतं, कुठल्यातरी पातळ ढगाचं. अख्ख्या मोसमात तिकडं काहीही झालेलं नव्हतं.

"असं असतं?" मी विचारलं. "काहीच होत नाही?"

"असतं. महिनोन्‌महिने."

"मग आता?"

मॅडमनी कतलीच्या डब्याचं झाकण लावलं. "मग काही नाही. उद्या डायरेक्टरना फोन करते. जे आहे ते सांगते."

"बाबांचं नाव सांगू नका."

"योगे," बाबा म्हणाले.

"नाही सांगणार गं. काच घाण होती असं सांगेन. होतीच."

पहाटे परत येताना चाचा गायले नाहीत. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण आमच्या तोंडावरून कळलं असणार. खाली प्लॉटचे दिवे लागलेले होते. एका ठिकाणी त्यांनी जीप हळू केली, आरशातून बाबांकडं बघितलं आणि म्हणाले, "अंबाजी भाई, चाय पीना?"

"नक्को," बाबा म्हणाले.

डिसेंबरच्या मीटिंगला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गेले. मॅडमनी सरळ रेषा दाखवल्या. तिथल्या कुणीतरी विचारलं म्हणे, हे एवढं सरळ दाखवायला दुर्बीण कशाला पाहिजे? मॅडम मार्चमधे पुण्याला गेल्या. जायच्या आधी घरी येऊन बाबांच्या पाया पडल्या. बाबा इतके गडबडले की "अहो बाई, अहो बाई" म्हणत भिंतीला टेकले. टॉवर लागला. आता म्हणे त्या टेकडीवरून मोबाइलवाल्यांचंही काम होणार आहे.

बाबा लिफ्टवर बसतात. संस्थेच्या शहरातल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास आहे, पोरं दिवसभर वर-खाली करतात. बाबा नऊला जातात, सहाला येतात.

पहिल्या सोमवारी ते गेल्यावर मी भात टाकला आणि मग मला कळेना की आता काय करायचं. आजपर्यंत या वेळेला बाबा घरात झोपलेले असायचे. आम्ही घरात दबक्या पावलांनी चालायचो, कुकरची शिटीही आई हातानं दाबून धरायची. झोपायच्या खोलीच्या खिडकीवर आईनं जाड घोंगडं ठोकलं होतं, उजेड येऊ नये म्हणून. माझ्या जन्माच्या आधीपासून ते तिथं होतं. ती खोली मी दिवसा उजेडात कधी बघितलेलीच नव्हती.

मी स्टुलावर चढले आणि खिळे उपटले. घोंगडं खाली आलं. धूळ इतकी की मला खोकला आला. खिडकी उघडता उघडेना, बत्त्यानं ठोकून उघडली.

समोरच्या गच्चीवर एक तेलुगु बाई कपडे वाळत घालत होती. तिनं चिमटा तोंडातून काढला.

"अरे, इदर खिडकी है?" ती म्हणाली. "इतने सालां से मैं दीवारच समझी."

"हौ," मी म्हणाले. "खिडकीच आहे."

आत वळून बघितलं तर ऊन बाबांच्या गादीवर पडलं होतं. गादीत मधे एक खळगा होता, बाबांचा. आणि भिंतीकडच्या बाजूला दुसरा, लहान.

संध्याकाळी बाबा आले. चपला काढायच्या आधीच त्यांना खोली दिसली. दारात उभे राहिले. मला वाटलं आता विचारतील, कुणी काढलं म्हणून. मी भांडायची तयारी केली.

"उजेड आहे अजून," ते म्हणाले.

मग चपला काढल्या, हातपाय धुतले आणि जाऊन गादीवर बसले. लहान खळग्यात नाही, आपल्याच. मी ताट तिथंच नेऊन दिलं. उजेड जाईपर्यंत ते जेवत होते.